मेहुण्यांसाठी काठी

माझं म्हणणं एवढंच आहे की मी तीनदा पडलो हे विधान चुकीचं आहे. एकदा पाय घसरला, एकदा पायरीने दगा दिला आणि तिसऱ्या वेळी मी खाली बसलो. फक्त बसण्याची वेळ आणि जागा मी निवडलेली नव्हती. पण आमच्या घरात या तिन्ही घटना 'पडले' या एकाच सदरात गेल्या आणि शुक्रवारी सकाळी बायकोने निकाल जाहीर केला. रविवारी आम्ही मुलीकडे जाणार होतो. नात आठ आठवड्यांची झाली होती आणि मी तिला अजून फक्त फोनवर पाहिलं होतं. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही.

"हातात काठी असेल तर चला," बायको म्हणाली. "नाहीतर मी एकटी जाते. फोटो पाठवीन."

फोटो पाठवीन. आजोबा या पदावर नव्याने रुजू झालेल्या माणसाला असं बोलावं का, हा प्रश्न मी विचारला नाही, कारण ऐकायला ती तिथे थांबली नव्हती.

काठी घरात नव्हती असं नाही. गेल्या महिन्यात बायकोने औषधांच्या दुकानातून एक आणली होती. चार पायांची. ती कोपऱ्यात स्वतःच्या बळावर उभी राहते, आणि आमच्या दोघांपैकी नक्की कोणाला कोणाचा आधार आहे असा संशय बघणाऱ्याला यावा इतक्या ताठ्याने उभी राहते. तिच्याशी माझं कधी जमलं नाही. सध्या तिच्यावर माझे मोजे वाळतात.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. ते गणिताचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यापासून प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते आपल्याकडेच असतं, असं त्यांचं मत आहे. त्यांच्या मते काठीची गरजच नाही, रोज सकाळी वीस मिनिटं उलटं चालावं, गुडघे तरुण होतात. ते स्वतः महिनाभर उलटे चालले आणि एका उभ्या सायकलवर जाऊन आदळले, त्यामुळे हल्ली मानेला पट्टा लावतात. पण चूक सायकलची होती असं त्यांनी आकृती काढून मला पटवून दिलं आहे. त्यांच्या पत्नीने मात्र घडीची काठी सुचवली. तिच्यात दिवा असतो आणि शिट्टीही असते. शिट्टी कशाला, असं मी विचारलं. पडल्यावर वाजवायला, असं त्या म्हणाल्या.

तेव्हाच मी ठरवलं. काठी घ्यायचीच तर ती माणसाने माणसासाठी केलेली घ्यायची, आणि ती मिळण्याची एकच जागा होती: शहराच्या जुन्या भागातला बाजाररस्ता. शेजारी म्हणाले, तिथे आता काही मिळत नाही, लोक फोटो काढायला जातात. मी म्हटलं, बघू.

त्या रस्त्याविषयी बोलायचं तर जरा सावरून बसावं लागेल. रुंदी एवढी की दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीने मिटायचं. फरशी मधोमध झिजून होडीसारखी खोल झालेली. दुकानांना फळ्यांची दारं, प्रत्येक फळीवर आकडा, आणि रोज सकाळी त्या क्रमाने काढून क्रमानेच भिंतीला टेकवून ठेवलेल्या. पाट्या हाताने रंगवलेल्या. एकीवर फक्त 'बटणं' एवढंच लिहिलेलं. आणि खरंच, आत बटणांशिवाय काही नाही. इथे प्रत्येकजण एकच गोष्ट करतो आणि ती अशी करतो की दुसरी करण्याची त्याला कधी गरज वाटली नसावी. मी सगळं आयुष्य एका कार्यालयात अशा माणसांमध्ये काढलं की ज्यांना सगळं थोडं थोडं येत होतं. त्या रस्त्यावर पाऊल ठेवलं की मला आपोआप टोपी काढावीशी वाटते. मी टोपी घालत नाही, ही गोष्ट वेगळी.

रस्त्याच्या तोंडाशी जतन कार्यालयाचा फलक आहे. फरशी ऐतिहासिक असून तिच्यावर टोकदार वस्तू टेकवू नये, असं त्यावर लिहिलं आहे. मी तो दोनदा वाचला. सरकारी भाषा पाहिली की मला घरी आल्यासारखं वाटतं.

काठीवाल्यांचं दुकान साधारण मध्यावर. आत छतापासून काठ्या टांगलेल्या, खाली लाकडाचा भुसा, आणि त्या भुशाचा असा वास की माणसाने दोन श्वास जास्तच घ्यावेत. काठीवाले माझ्याहून थोडे मोठे असतील. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर, आणि हातात एक काठी, जिला ते डोळा बारीक करून असे न्याहाळत होते जणू ती काहीतरी लपवते आहे.

"कोण वापरणार?" त्यांनी वर न पाहता विचारलं.

इथे खरं उत्तर एका अक्षराचं होतं. पण ते एक अक्षर माझ्या घशात आडवं आलं. एकाहत्तर वर्षांचा धडधाकट माणूस, स्वतःच्या पायांनी दुकानात आलेला, तो काय सांगणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "मेहुण्यांसाठी हवी."

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान आहे. तो रोज पहाटे पळतो. ज्येष्ठांच्या शर्यतीत त्याला पदक मिळालं आहे आणि ते तो जेवायला आला तरी घालून येतो. त्याला लंगडा केल्याचं मला त्या क्षणी फारसं वाईट वाटलं नाही, हे कबूल करतो.

काठीवाल्यांनी काठी खाली ठेवली आणि चौकशी सुरू केली. मेहुण्यांची उंची? माझ्याएवढीच. वजन? माझ्याएवढंच, म्हणजे थोडं कमीच. कुठला गुडघा? डावा. म्हणजे, डावाच असावा. चालताना खाली बघतात की समोर? समोर. मग पडत असतील. पडत नाहीत, असं मी जरा जोरात म्हणालो, कधीकधी घसरतात. स्वभाव? स्वभाव चांगला आहे, मी म्हटलं, पण तो लोकांच्या लक्षात यायला वेळ लागतो.

"घेऊन या त्यांना," काठीवाले म्हणाले. "माणूस बघितल्याशिवाय मी काठी देत नाही."

मी म्हटलं, ते यायचे नाहीत. का, तर मानी आहेत. काठी तर रविवारच्या आत हवी, कारण रविवारी मेहुण्यांना पहिल्यांदाच नातीला बघायला जायचं आहे आणि घरून तशी अट पडली आहे. आणि फळ्यांवर लिहिल्याप्रमाणे शनिवार-रविवार हा सगळा रस्ता बंद. म्हणजे आज मिळाली तर मिळाली. हे सांगताना माझा आवाज मेहुण्याविषयीच्या कळवळ्याने थोडा कापला असावा.

काठीवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कपाळावर ढकलला. मग काम जरा फिरून करावं लागेल, असं ते म्हणाले. लाकूड ते काढून ठेवतील. तोवर मी तीन गोष्टी करायच्या: ब्रशवाल्या बाईंकडून मेण, कुलूपवाल्यांकडून काठीच्या टोकाला बसवायचं पितळी वळं, आणि जतन कार्यालयातून टोकाचा दाखला, कारण फरशी ऐतिहासिक. चारच्या आत परत. त्यांनी एका कागदावर काहीतरी खरडलं, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. ही चिठ्ठी प्रत्येकाला दाखवायची, ते तिच्यावर लिहून देतील.

इथे थोडं स्वतःविषयी सांगणं भाग आहे. मी एकतीस वर्षं आवक-जावक विभागात होतो. एकतीस वर्षांत माझ्या हातातून जे कागद गेले ते रचले असते तर आमची इमारत झाकली गेली असती, आणि त्यातला एकही मी वाचला नाही. कागद पोचवणाऱ्याने कागद वाचू नये, हा माझा एकमेव अभिमानाचा मुद्दा आहे. तेव्हा ती घडी मी खिशात ठेवली ती ठेवलीच.

ब्रशवाल्या बाईंचं दुकान पाहून मी काही वेळ दाराशीच उभा राहिलो. बाटलीत जाणारे ब्रश, कोटावरचे ब्रश, किल्लीच्या भोकात जाणारा काडीएवढा ब्रश, घोड्यासाठी एक, आणि घोडा नसलेल्यांसाठी तसलाच लहान. बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, बोटं डिंकाने पिवळी झालेली. मी चिठ्ठी दिली. त्यांनी वाचली, मेणाचा डबा काढण्यासाठी हात वर केला आणि कोपराने एक पेटी खाली पाडली. शेदोनशे छोटे लाकडी दांडे जमिनीवर पसरले.

आता समोर एक बाई दांडे गोळा करायला वाकते आहे आणि आपण नुसते उभे, हे माझ्याच्याने होत नाही. मी म्हटलं, तुम्ही राहू द्या. त्या म्हणाल्या, बरं. आणि खरंच राहू दिलं. मी खाली गेलो. खाली जाण्यात काही अडचण आली नाही. वर येण्याच्या वेळी मात्र काही तांत्रिक प्रश्न उभे राहिले, म्हणजे तेच काय ते उभे राहिले. बाई हात द्यायला पुढे आल्या. नको, मी म्हटलं, मी जरा हे दांडे मोजतोय. पाच मिनिटांनी काउंटरला धरून मी परत त्यांच्या पातळीवर आलो. त्यांनी शांतपणे चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या, पाणी दिलं, आणि ती पेटी पुन्हा फळीवर ठेवली, अगदी काठावर. तिथून ती पुन्हा पडेल, असं मी सुचवलं. तिची जागाच ती आहे, असं त्या म्हणाल्या.

कुलूपवाले समोरच्या बाजूला. गोल, हसरे, कानात भिकबाळीसारखी एक बारीक किल्ली अडकवलेले. त्यांच्याकडे गिऱ्हाइकाला बसायला काही नाही. मी चौकशी केली तर म्हणाले, कुलपाचं काम उभ्यानेच करतात, बसला की माणसाचा कान झोपतो. मग त्यांनी एक म्हातारं कुलूप कानाशी धरलं आणि मलाही ऐकायला लावलं. आत चार खटके असतात, चौथा लाजतो. त्याला घाई केली तर तो बसतच नाही. ते त्या चौथ्या खटक्याविषयी इतकं सुंदर बोलत होते की मी पाय बदलत, काउंटरला टेकत, मग भिंतीला टेकत, तरीही ऐकत राहिलो. कुलूप उघडलं तेव्हा झालेला आवाज मला अजून आठवतो. गाणाऱ्याने सम गाठल्यावर श्रोत्याची मान हलते तशी माझी हलली. गुडघाही हलला, पण तो वेगळ्या कारणाने. त्यांनी वळं दिलं, चिठ्ठीवर लिहिलं आणि म्हणाले, "साहेब, मेहुण्यांना काळजी घ्यायला सांगा."

मेहुण्यांची वार्ता चिठ्ठीतून पोचली, याचा अर्थ माझ्या लक्षात यायला हवा होता. पण म्हटलं ना, एकतीस वर्षं.

जतन कार्यालय रस्त्याच्या टोकाला एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. जिना दगडी, उंच पायऱ्यांचा, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला नुसतीच हवा. मधल्या वळणावर मी थांबलो. थकलो म्हणून नव्हे. सरकारी इमारतीत भिंतीवरच्या सूचना वाचणं हे नागरिकाचं कर्तव्य आहे. मी वाचन केलं आणि पुढे गेलो.

वर एक कारकून होते. त्यांनी चिठ्ठी पाहिली आणि अर्जाचा नमुना खाली तळमजल्यावरच्या खिडकीत मिळतो असं सांगितलं. मी खाली गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, नमुना आहे, पण त्यावर वरचा शिक्का लागतो. मी वर गेलो. कारकुनांनी शिक्का मारला आणि अर्ज भरून खालच्या पेटीत टाकायला सांगितला. पेटी त्यांनीच खाली येऊन उघडली, माझाच अर्ज बाहेर काढला आणि तो तपासायला आम्ही दोघं वर गेलो.

कुणी दुसरा असता तर चिडला असता. मी मनातून नमस्कार करत होतो. इतकी निर्दोष दिरंगाई आमच्या कार्यालयात सर्वोत्तम काळातही पाहिली नव्हती. एक पाऊल वाया नाही. म्हणजे सगळीच वाया, पण एकेक नीट मोजून. शेवटी त्यांनी मला बसायला एक स्टूल दिलं. ते इतकं बुटकं होतं की त्यावर बसण्यापेक्षा पडणं सोपं. चार वाजायला वीस मिनिटं होती. नात डोळ्यांसमोर आली. बायको पाठवणार होती तो फोटोही डोळ्यांसमोर आला. मी स्टुलावरून उठलो तो टेबल, टेबलावरची दौत आणि कारकुनांची बाही अशा तीन टप्प्यांत. त्यांनी बाही सोडवून घेतली नाही. चिठ्ठीवर बरंच लिहिलं आणि घडी घालून दाखल्यासोबत परत दिली.

मी काठीवाल्यांकडे पोचलो तेव्हा शेजारची दुकानं फळ्या लावत होती. त्यांनी मेण घेतलं, वळं घेतलं, दाखला बाजूला ठेवला आणि चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचायला लागले.

"ब्रशवाल्या बाई. वाकताना श्वास धरतात. उठताना डावा हात गुडघ्यावर. मदत नको म्हणतात, दांडे मोजतो सांगतात. मोजलेले नाहीत." त्यांनी पेन्सिलने एक खूण केली. "कुलूपवाले. दहा मिनिटांनी सगळा भार उजव्या पायावर. विसाव्या मिनिटाला भिंत. गप्पा ऐकणारा माणूस, चांगला आहे." आणखी एक खूण. "कार्यालय. चढताना उजवा हात भिंतीला, उतरताना दोन्ही. सतराव्या पायरीवर थांबून सूचना वाचतात. भिंतीवर सूचना नाहीत."

मी सगळा दिवस माझाच अहवाल खिशात घालून टेबलोटेबली पोचवत होतो, आणि पोचवण्यात कुठेही कसूर केली नव्हती.

"दुकानात मोजायला घेतलं की प्रत्येकजण ताठ उभा राहतो," काठीवाले म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते; हातातल्या लाकडाकडे बघत होते. "त्या ताठ्याच्या मापाने काठी केली तर घरी जाईपर्यंत उपयोगाची. म्हणून आमच्या आजोबांपासून हा रस्ताच माप घेतो. आपण मेहुण्यांच्या अंगाचे आहात, म्हणून म्हटलं, आपल्यावरूनच अंदाज घ्यावा."

मी म्हटलं, बरोबर केलंत. दुसरं काय म्हणणार? मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, दाखला ठीक आहे ना.

"तो नियम बंद होऊन बरीच वर्षं झाली," ते म्हणाले. "पण जिना चांगला आहे."

त्यांनी लाकूड कापलं. एकदाच, एका ठिकाणी, न मोजता. वळं बसवलं, त्याखाली रबर, मग मेण लावून असं घासलं की लाकडातली रेघ न् रेघ वर आली. त्या हातांकडे बघताना मला कसलीच लाज वाटेना. एका माणसाच्या डाव्या गुडघ्यासाठी चार माणसं दिवसभर राबली होती, आणि त्यांच्यातलं कुणीही एकदाही त्याला 'आजोबा' म्हणालं नव्हतं, ना हसलं होतं. मुठीपाशी येऊन ते थांबले.

"एक राहिलं. मेहुणे नातीला कुठल्या हातात घेणार?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. घरात सगळ्यांनी मी पडेन का एवढंच विचारलं होतं. मी तिला घेईन हे कुणी धरलंच नव्हतं. मी दोन्ही हात पुढे करून पाहिले. डावा हात आपोआप कोपरात वाकला आणि तिथे एक लहानशी जागा तयार झाली.

"डाव्या," मी म्हटलं. "डाव्या हातात घेणार आहे मी."

ते अक्षर अखेर घशातून बाहेर आलं. काठीवाल्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि जणू मी लाकडाचा प्रकार सांगितला असावा तसं कानावरची पेन्सिल काढून मुठीवर एक रेघ ओढली.

"चालताना नाही घ्यायचं. उभं राहून घ्यायचं, पाठीशी भिंत ठेवून. वजन?"

"साडेचार किलो."

"मग मूठ रुंद ठेवतो," ते म्हणाले. "ती वाढणार."

त्यांनी काठी दोन्ही हातांनी माझ्या हातात दिली. मूठ तळव्यात अशी बसली की जणू मी ती आधी कुठेतरी विसरून आलो होतो आणि कुणीतरी आणून दिली. मेहुण्यांना नमस्कार सांगा, असं ते म्हणाले. सांगतो, मी म्हटलं.

बाहेर बहुतेक फळ्या लागल्या होत्या. कुलूपवाले स्वतःच्या दाराला कुलूप लावत होते आणि त्या कामात इतके गढले होते की त्यांचं माझ्याकडे लक्षच गेलं नाही. ब्रशवाल्या बाई पायरी झाडत होत्या. त्यांनीही पाहिलं नाही. इतक्या प्रयत्नाने न बघणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नव्हती.

बसचा थांबा डावीकडे, पन्नास पावलांवर होता. मी उजवीकडे वळलो आणि काठी टेकत, समोर बघत, तो रस्ता पार दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो.